शेल स्क्रिप्ट चालवताना लिनक्स डेस्कटॉप क्रॅश होणे

शेल स्क्रिप्ट सुरू करताच पडदा काळा पडतो, सगळ्या खिडक्या जाऊन लॉगिनचा पडदा परत येतो, किंवा माऊससकट सगळे जागच्या जागी गोठते. लिनक्सवरच्या या बिघाडांना सरसकट डेस्कटॉप क्रॅश म्हटले जाते, पण या तिन्ही लक्षणांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात. म्हणून नेमके काय घडले ते आधी लिहून ठेवावे. घाबरून लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करण्याची सवय फार नुकसान करते, कारण त्यात डेटा तर जातोच, शिवाय कारण सांगणाऱ्या नोंदीही पुसल्या जातात.

शेल म्हणजे लिहिलेले आदेश वाचून पार पाडणारा प्रोग्राम, आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे अशा आदेशांची फाइल. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ मध्ये बोर्न शेल आला आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये. ग्नोम या लिनक्सवरच्या प्रचलित डेस्कटॉपच्या मुख्य प्रोग्रामलाही ‘ग्नोम शेल’ म्हणतात, पण त्याचा बॅशशी काही संबंध नाही. शोध घेताना या नावामुळे पुष्कळांची वाट चुकते.

स्क्रिप्ट ही डेस्कटॉपपासून वेगळी प्रक्रिया असते. तिच्यात चूक असेल तर तिने एकटीने बंद पडायचे. तिच्याबरोबर डेस्कटॉपही गेला, तर दोघांमध्ये सामायिक असलेल्या कशाला तरी धक्का बसला असे समजावे. मेमरी, डिस्क, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि घर-फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंग फायली या त्या सामायिक गोष्टी. वेलँड आणि एक्स११ या पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या दोन व्यवस्था. वेलँडवर ग्नोम शेल स्वतःच कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, असल्यामुळे तो पडला की त्याच्या आधाराने चाललेले सगळे प्रोग्राम जातात. एक्स११ मध्ये तसे नसते. तिथे ऑल्ट आणि एफ२ दाबून ‘आर’ दिला की ग्नोम शेल नव्याने सुरू होतो आणि खिडक्या टिकतात.

तपासाची पहिली पायरी म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी कन्सोलवर जाणे. ते उघडले तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) जिवंत आहे आणि फक्त डेस्कटॉप पडला आहे. तिथे लॉगिन करून, मशीन रीस्टार्ट करण्याआधी, ‘जर्नलसीटीएल’ने नोंदी वाचाव्यात. रीस्टार्ट झालेच असेल तर त्याला ‘-बी -१’ हा पर्याय दिल्यावर मागच्या बूटच्या नोंदी मिळतात. मात्र बऱ्याच सिस्टीमवर त्या डिस्कवर राहण्यासाठी ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर असावे लागते, नसेल तर त्या मेमरीतच राहून रीस्टार्टबरोबर जातात. ‘कोअरडंपसीटीएल’ ज्या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) असते, तिथे कोणता प्रोग्राम कोणत्या सिग्नलने (सिस्टीमकडून आलेल्या इशाऱ्याने) मेला याची यादी तयारच मिळते.

मग स्क्रिप्ट त्याच कन्सोलवरून चालवून पाहावी. तिथे ती सुरळीत चालली, तर संशय ग्राफिक्सच्या बाजूकडे वळतो. डेस्कटॉपमध्ये पुन्हा चालवायची असेल तर ‘बॅश -एक्स’ने (त्यात प्रत्येक आदेश पार पाडण्याआधी छापला जातो) चालवावी आणि तिचे बोलणे फाइलमध्ये वळवावे, कारण टर्मिनलची खिडकी क्रॅशबरोबर नाहीशी होते. फाइलमधली शेवटची ओळ म्हणजे क्रॅशच्या आधी सुरू झालेला आदेश. स्क्रिप्टमधल्या एखाद्या प्रोग्रामचा निर्गम क्रमांकही, म्हणजे तो संपताना मागे ठेवतो तो आकडाही, बोलका असतो. १३९ म्हणजे १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक ११, अर्थात सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावणे). १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे प्रोग्राम बाहेरून मारला गेला. १३७ दिसला आणि कर्नलच्या नोंदीत ‘आउट ऑफ मेमरी’ सापडले, तर उत्तर मिळाले. मेमरी संपल्यावर कर्नल एखादी मोठी प्रक्रिया निवडून मारतो, आणि ती कधीकधी डेस्कटॉपचीच असते. स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणारी स्क्रिप्ट किंवा ‘/टीएमपी’ या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात भरमसाट फायली टाकणारी स्क्रिप्ट हे घडवून आणते. फेडोरा या वितरणात १८व्या आवृत्तीपासून ‘/टीएमपी’ मेमरीतच असते, त्यामुळे तिथे टाकलेली फाइल रॅम खाते.

लॉगिन केले की पुन्हा लॉगिनचाच पडदा येणे हा वेगळा प्रकार. घर-फोल्डरातली ‘.प्रोफाइल’ ही फाइलसुद्धा स्क्रिप्टच आहे आणि ती सेशन सुरू होतानाच वाचली जाते. तिच्यात कुणी ‘एक्झिट’ लिहिले की सेशन जन्मताच संपते. डेबियन आणि उबुंटूत ‘/बिन/एसएच’ म्हणजे बॅश नव्हे, डॅश हा दुसरा शेल असतो (उबुंटूने हा बदल २००६ च्या ६.१० आवृत्तीत केला), त्यामुळे बॅशच्या खास रचना अशा ठिकाणी अडतात. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने, खिडकीवाला प्रोग्राम चालवलेला असणे. त्यामुळे ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलची मालकी रूटकडे गेली, तर एक्स११ चे सेशन उघडत नाही. कन्सोलवर ‘एलएस -एल’ने मालक पाहावा आणि ‘सुडो सीएचओन’ने (chown) फाइल स्वतःच्या नावावर परत आणावी.

काही वेळा क्रॅश झालेलाच नसतो. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते. स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणाऱ्या, ‘#!’ असलेल्या पहिल्या ओळीला ती चिकटली की सिस्टीम ‘बॅश^एम’ नावाचा, अस्तित्वातच नसलेला प्रोग्राम शोधते. डबल-क्लिक केल्यावर खिडकी उघडून मिटते आणि संदेश वाचायला मिळत नाही. ‘डॉस२युनिक्स’ने फाइल स्वच्छ होते.

खरोखर विध्वंसक चुकाही घडल्या आहेत. २०११ मध्ये बंबलबी या ग्राफिक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’नंतर एक रिकामी जागा पडली आणि फायली पुसणाऱ्या आदेशाने एका उपफोल्डरऐवजी अख्खे ‘/यूएसआर’ पुसले. असे झाल्यावर नोंदी वाचून उपयोग नाही, बॅकअपच लागतो. म्हणून रूटच्या अधिकाराने चालणारी अनोळखी स्क्रिप्ट आधी उघडून वाचावी आणि चुका दाखवणाऱ्या ‘शेलचेक’मधून काढावी. फोल्डरच्या नावात जागा असेल, ‘माझी कागदपत्रे’सारखे मराठी नाव असले तरी, ते नाव साठवणारा चल (व्हेरिएबल) नेहमी अवतरणचिन्हांत लिहावा.

ज्यांचा डेस्कटॉप मराठीत आहे त्यांनी मदत मागण्यापूर्वी स्क्रिप्ट ‘एलसी_ऑल=सी’ लावून एकदा चालवावी. त्रुटीचे संदेश मूळ इंग्रजीत मिळतात आणि तसेच्या तसे शोधता येतात.