फूट वाढले, ऊन कुठे गेलं?

मुंबईत कुणाला घर मिळालं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती फूट?" दोन बिल्डिंगच्या मधे किती जागा सोडलीय हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरी गोची तिथेच आहे.

१८९६ ला मांडवीत प्लेग आला, शहर हादरलं, दोष गेला अंधाऱ्या कोंदट चाळींवर आणि १८९८ मधे शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. (त्यांनी बांधण्यापेक्षा पाडापाडीच जास्त केली, पण ते असो.) या ट्रस्टच्या ऑर साहेबाने एक नियम लावून धरला, साडेत्रेसष्ट अंशांचा. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरची भिंत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी सोडायची, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतूनही थोडं आभाळ दिसतं.

मग १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइडच्या काळातल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी आल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ बिल्डिंगी, खोली १६० फुटांची, मधून लांब पॅसेज, संडास कॉमन. सुरुवातीला तर गिरणी कामगार तिथे राहायला जायलाच तयार नव्हते आणि पुढे वरळीच्या काही चाळी सत्याग्रहींसाठी चक्क जेल म्हणून वापरल्या! पण बिल्डिंगींच्या मधे जागा होती, पोरं खेळायची, दार दिवसभर उघडं आणि रात्री अर्धं घर पॅसेजमधे झोपलेलं, म्हणजे १६० फूट हे फक्त कागदावर.

१९९५ ला युती सरकारने झोपडपट्टीवाल्यांना फुकट घरांची घोषणा केली, २२५ फूट. पुढे ते २६९ झालं, २०१८ पासून ३००. आकडा वाढत गेला हे चांगलंच, पण फुकट घराचा खर्च बिल्डर विक्रीच्या फ्लॅटमधून काढणार, मग कमीत कमी जमिनीवर जास्तीत जास्त घरं कोंबायची, त्यासाठी नियम ढिले. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमधे प्रकल्पबाधितांच्या तळ + ७ मजली बिल्डिंगी जेमतेम ३ मीटरवर उभ्या आहेत. ऑर साहेबाच्या हिशोबाने तिथे ११ मीटर तरी लागले असते. नंतर तिथे आणि लल्लूभाई कंपाउंडमधे पाहणी झाली तर टीबीचं प्रमाण भयंकर, आणि खालच्या मजल्यांवर जास्त, कारण तिथे ना ऊन ना वारा.

माझी मावशी अशाच एका बिल्डिंगमधे दुसऱ्या माळ्यावर राहते. भर दुपारी ट्यूब चालू, खिडकी उघडली की समोरच्यांच्या फोडणीचा ठसका हिला. संडास घरात आला याचा आनंद तिला खरंच आहे, पाणीही वेळेवर येतं. फक्त गच्चीला कायम कुलूप, त्यामुळे उन्हाळ्यात पापड वाळवायला ती लाट्यांचा डबा घेऊन ट्रेनने आमच्याकडे ठाण्याला येते.