अवैध इनपुट (क्रिप्टोचलन लायब्ररी)

क्रिप्टोचलनाच्या लायब्ररीला (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडला) दिलेला पत्ता, रक्कम, खासगी किल्ली (व्यवहारावर सही करणारी गुप्त संख्या) किंवा बीजशब्द (ज्यांपासून किल्ली बनते ते शब्द) नियमात बसत नसतील, तर तिच्याकडून येणारी एरर म्हणजे अवैध इनपुटची एरर. व्यवहार ब्लॉकचेनवर पक्का झाला की मागे घेता येत नाही, म्हणून तपासणी सहीच्या आधीच व्हावी लागते.

पत्त्यातली चूक पकडण्याची सोय बहुधा पत्त्यातच असते. बिटकॉइनच्या जुन्या पत्त्यांत शून्य आणि मोठा ओ यांसारखी फसवी चिन्हे वगळून ५८ चिन्हे वापरतात व शेवटी ४ बाइटांचा चेकसम, म्हणजे उरलेल्या पत्त्यावरून काढलेला पडताळा, असतो. इथेरियमच्या ४० हेक्स अंकी (०-९ आणि a-f) पत्त्याला आरंभी चेकसम नव्हता. २०१६ च्या ईआयपी-५५ या इथेरियम सुधारणा-प्रस्तावाने तो अक्षरांच्या लहान-मोठेपणात बसवला. त्यामुळे सगळा पत्ता लहान (lowercase) अक्षरांत लिहिला, तर त्यातली चूक आजही निसटते.

मराठी वापरकर्त्याला खरा धोका रकमेच्या रकान्यात आहे. मालवणातल्या दुकानदाराने इंग्रजी अंकांत एक लाख टोकन आपल्या नेहमीच्या स्वल्पविरामांसह (1,00,000) लिहिले, तर मजकुराची संख्या करणारे जावास्क्रिप्टचे पार्सफ्लोट पहिल्याच स्वल्पविरामाशी थांबते आणि मुकाट्याने १ हे उत्तर देते. एरर येतच नाही, आणि हेच सर्वांत वाईट. देवनागरी कळफलकावरून ‘१२’ आले तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही; पायथनचे तसेच काम करणारे इंट मात्र ती बिनतक्रार बारा म्हणून घेते. तेव्हा अंकांचे रूपांतर आणि स्वल्पविरामांची तपासणी लायब्ररीवर न सोडता प्रोग्रॅमरनेच करावी, आणि सहीपूर्वी रक्कम ‘एक लाख’ अशी अक्षरी दाखवावी. पुढे ती थेट बिगइंटमध्ये (जावास्क्रिप्टच्या कितीही मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) न्यावी: इथेरियमचे चलन इथर, त्याचे सर्वांत लहान एकक वेई; १ इथर म्हणजे १०^१८ वेई, आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या साधारण ९ × १०^१५ पर्यंतच अचूक राहते. ०.०१ इथरचे वेईसुद्धा त्या मर्यादेबाहेर जातात.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज आणि रेंज जाणे नित्याचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतल्या अनेक गावांची वीज आणि मोबाइल सेवा बंद पाडली होती. असे नेटवर्क गृहीत धरून लिहिलेल्या ॲपमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची सोय हवीच, पण ती फक्त नेटवर्कच्या एररसाठी. चुकीचा पत्ता शंभरदा पाठवला तरी चुकीचाच राहतो. दोन्ही एरर एकाच कॅचमध्ये (एरर हाताळणाऱ्या कोडच्या भागात) पकडून ‘नेटवर्क नाही’ असे सांगितले, तर माणूस रेंजची वाट पाहत बसतो. इथेरियमसाठीची ईथर्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी प्रत्येक एररला ठरावीक कोड देते, अवैध इनपुटसाठी इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. फरक त्या कोडवरून करावा. एररच्या संदेशाचे शब्द लायब्ररीच्या आवृत्तीगणिक बदलू शकतात.

वापरकर्त्याला मराठीत कोणता रकाना चुकला ते सांगावे. खासगी किल्ली चुकीची असेल, तर मात्र ती संदेशात किंवा लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींत) जशीच्या तशी उमटू देऊ नये. ईथर्सही तिच्या जागी झाकलेला मजकूर दाखवते.