अमेरिकी टपाल-कव्हर : संग्रह आणि लिलाव

टपालातून प्रत्यक्ष प्रवास करून आलेले पाकीट किंवा घडीपत्र, त्यावरची तिकिटे, शिक्के, दराचे आकडे आणि हस्ताक्षरातल्या नोंदी यांसह जसेच्या तसे जपलेले असेल, तर संग्राहक त्याला ‘कव्हर’ म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या एकोणिसाव्या शतकातील कव्हरांचा संग्रह ही टपाल-इतिहासाची एक स्वतंत्र शाखा आहे. सुटे तिकीट गोळा करणारा छपाई, रंगछटा, दाते आणि डिंक पाहतो. कव्हर गोळा करणारा दर, मार्ग आणि तारीख पाहतो. ही तिन्ही एकमेकांशी जुळली तरच कव्हराला किंमत येते. एक जरी विसंगत निघाले तर सुंदर दिसणारे कव्हरही कवडीमोल ठरू शकते, किंवा निदान संशयित तरी.

दर : वाचनाची किल्ली

१८४७ पूर्वीच्या बहुतेक कव्हरांवर तिकीट नसते. टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. १८१६ च्या दरपत्रकाप्रमाणे एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० मैलांपर्यंत १०, १५० पर्यंत १२½, ४०० पर्यंत १८½ (१८२५ पासून १८¾) आणि त्यापुढे २५ सेंट पडत. १२½ सेंट म्हणजे डॉलरचा आठवा भाग, अर्थात त्या काळी अमेरिकेत सर्रास चालणारे स्पॅनिश रियाल नाणे. विचित्र वाटणारे हे आकडे नाण्यांच्या सोयीचे होते. दोन कागदांना दुप्पट दर. पाकीटही एक कागद धरले जाई, म्हणून लोक पत्राचाच कागद घडी घालून, लाखेने बंद करून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहीत. या घडीपत्रांवर पेनाने लिहिलेला ‘२५’ किंवा ‘१८¾’ हा दर असतो. ‘पेड’ असा शब्द नसेल तर पत्र घेणाऱ्याने पैसे भरायचे असत, आणि त्या काळी बहुसंख्य पत्रे अशीच जात.

१ जुलै १८४५ पासून दर अर्ध्या औंसाच्या वजनावर आला : ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १०. सरकारी तिकिटे अजून नव्हती, म्हणून न्यूयॉर्क, सेंट लुइस, अलेक्झांड्रिया अशा गावांच्या पोस्टमास्तरांनी स्वतःची तिकिटे छापली. त्यांना पोस्टमास्टर्स प्रोव्हिजनल म्हणतात. १ जुलै १८४७ ला फ्रँकलिनचे ५ सेंटांचे आणि वॉशिंग्टनचे १० सेंटांचे सरकारी तिकीट निघाले. १ जुलै १८५१ पासून ही दोन्ही रद्दबातल झाली आणि हशील आधी भरलेल्या पत्राचा दर ३,००० मैलांपर्यंत ३ सेंट झाला, न भरलेल्याला ५. हशील आधी भरण्याची सक्ती १ एप्रिल १८५५ पासून आणि तिकीट लावण्याची सक्ती १ जानेवारी १८५६ पासून. एवढ्या चार-पाच तारखा पाठ असल्या तरी डोळ्यांसमोर आलेल्या निम्म्या बनावट कव्हरांचा निकाल लागतो. १८४७ चे ५ सेंटांचे तिकीट १८५२ च्या पत्रावर दिसले, तर एक तर ते टपाल खात्याच्या नजरेतून सुटले किंवा नंतर कोणीतरी चिकटवले. दुसरी शक्यता बरीच जास्त.

परदेशी कव्हरांवर याहून बारीक हिशेब सापडतो. १८४९ पासून लागू झालेल्या करारानुसार अमेरिकेतून ब्रिटनला अर्ध्या औंसाला २४ सेंट पडत : अमेरिकेतल्या वाहतुकीचे ५, समुद्राचे १६, ब्रिटनमधले ३. पत्र भरलेले असेल आणि ब्रिटिश जहाजाने गेले असेल, तर ब्रिटनच्या वाट्याचे १९ सेंट अमेरिकी टपालघर तांबड्या शाईत नोंदवी. अमेरिकी जहाजाने गेले तर फक्त ३. न भरलेले पत्र ब्रिटिश जहाजाने गेले तर आपले ५ सेंट मागण्यासाठी काळ्या शाईत ‘५’. तांबडे म्हणजे भरलेले, काळे म्हणजे येणे. आता समजा, २४ सेंटांचे देखणे तिकीट असलेल्या कव्हरावर कोपऱ्यात काळा ‘५’ आहे आणि इंग्लंडमध्ये एक शिलिंग वसुलीचा शिक्का पडला आहे. ते पत्र मुळात न भरता गेले होते. तिकीट नंतर आले. फसवणूक करणाऱ्याने तिकिटावर शिक्का कितीही सफाईने काढला तरी हा ‘५’ पुसायचे त्याला सुचत नाही, किंवा पुसला तर अतिनील दिव्याखाली त्या जागी वेगळा डाग दिसतो.

संग्रहाचे काही लोकप्रिय प्रांत

पोनी एक्स्प्रेस ही घोडेस्वारांची खासगी टपालसेवा ३ एप्रिल १८६० ला मिसूरीतील सेंट जोसेफ आणि कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो यांच्या दरम्यान सुरू झाली आणि तारयंत्राची लाइन जोडली गेल्यावर ऑक्टोबर १८६१ मध्ये संपली. सुमारे १,९०० मैलांचे अंतर दहा दिवसांत पार होई. सुरुवातीचा दर अर्ध्या औंसाला ५ डॉलर, पुढे २ आणि १ जुलै १८६१ पासून १ डॉलर. शिवाय कायद्याप्रमाणे सरकारी टपालहशील वेगळे भरावे लागे. म्हणून ही कव्हरे बहुधा १० सेंटांच्या छापील सरकारी पाकिटांवर आढळतात. इतका महाग दर आणि जेमतेम दीड वर्षाचे आयुष्य, त्यामुळे आज ज्ञात कव्हरे अडीचशेच्या आसपासच आहेत. प्रत्येकाची नोंद अभ्यासकांनी केलेल्या ज्ञात कव्हरांच्या यादीत आहे. नोंद नसलेले पोनी कव्हर बाजारात आले की पहिली प्रतिक्रिया आनंदाची नसते, शंकेची असते.

यादवी युद्धाची (१८६१–६५) कव्हरे सर्वांत विपुल आणि सर्वांत गुंतागुंतीची. दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांनी १ जून १८६१ पासून स्वतःची टपालसेवा चालवली. दर ५०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १०. १ जुलै १८६२ पासून सरसकट १०. त्यांची पहिली तिकिटे ऑक्टोबर १८६१ मध्ये आली. मधल्या साडेचार महिन्यांत पुन्हा पोस्टमास्तरांची स्थानिक तिकिटे आणि ‘पेड ५’ सारखे हातशिक्के चालले. उत्तरेने दक्षिणेतल्या टपालघरांत पडून असलेला साठा निकामी करण्यासाठी तिकिटांची नवी नक्षी काढली आणि जुनी तिकिटे रद्द केली. फिलाडेल्फियाच्या टपालघरात तर जुनी तिकिटे मान्य नसल्याचा स्वतंत्र शिक्काच तयार झाला. तो असलेली कव्हरे मागणीत आहेत. दोन सैन्यांच्या रेषा ओलांडणारी पत्रे शांतिध्वजाखाली, मुख्यतः व्हर्जिनियातील ओल्ड पॉइंट कम्फर्टमार्गे जात आणि दोन्ही बाजूंचे हशील मागत. एकाच पाकिटावर दोन्ही सरकारांची तिकिटे असणे हे या प्रांतातले मोठे आकर्षण. दक्षिणेत कागदाचा दुष्काळ पडल्यावर लोकांनी भिंतीचा छापील कागद, हिशेबाच्या वह्या आणि एकदा वापरलेली पाकिटे उलटवून नवी पाकिटे केली. अशा उलटवलेल्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पहिल्या प्रवासाचे तिकीट तसेच असते, म्हणून ते उघडून पाहिल्याशिवाय किंमत करू नये.

उत्तरेत झेंडे, गरुड आणि व्यंगचित्रे छापलेली देशभक्तिपर पाकिटे तेव्हाच संग्राहकांसाठीही छापली जात. कोरी पाकिटे आजही स्वस्त मिळतात. टपालातून गेलेली महाग. दोन किमतींतली दरी हीच बनवेगिरीची प्रेरणा : जुने कोरे पाकीट अस्सल, जुने वापरलेले ३ सेंटांचे तिकीट अस्सल, फक्त त्यांची गाठ अलीकडे पडलेली.

कोरीव बुचांचे शिक्के मारून तिकिटे रद्द करण्याची एक गमतीची परंपराही होती. कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या टपालघरात जॉन हिल बुचांवर चित्रे कोरीत असे. १८६९ च्या थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला त्याने उमटवलेली धावती कोंबडी आज त्या तिकिटापेक्षा कित्येक पटींनी मोलाची आहे.

आइस हाउस कव्हर

अमेरिकी कव्हरांत भारताशी सर्वांत घट्ट नाते असलेले हे एक. बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजांनी १८३३ पासून कलकत्त्याला आणि पुढे मुंबई-मद्रासलाही येई. त्यासाठी बंदरांत बर्फाच्या वखारी होत्या. १८७३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याच्या अशाच ‘आइस हाउस’च्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटावर १८६९ च्या मालिकेतले लिंकनचे ९० सेंटांचे तिकीट आहे, सोबत १२ आणि १० सेंटांची. एकूण १ डॉलर १२ सेंट, म्हणजे २८ सेंटांच्या दराची चौपट. १८६९ चे ९० सेंटांचे तिकीट कव्हरावर असल्याचे हे एकमेव ज्ञात उदाहरण. १९६७ मध्ये ते इंडियानापोलिसमधून चोरीला गेले आणि २००६ मध्ये शिकागोत एका दाम्पत्याने तिकीट-व्यापाऱ्याला दाखवले तेव्हा ओळखले गेले. मालकी हक्काचा निकाल लागल्यावर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या सीगल लिलावगृहात ते विकले गेले : हातोडा ३,७५,००० डॉलरवर पडला, खरेदीदाराने लिलावगृहाच्या १५ टक्के प्रीमियमसह (वरच्या आकारासह) ४,३१,२५० डॉलर मोजले.

लिलाव कसा चालतो

हातोड्याचा भाव आणि प्रत्यक्ष देय रक्कम यांतला फरक नवख्याच्या खिशाला पहिला चटका देतो. खरेदीदाराचा प्रीमियम आज बहुधा १५ ते २० टक्के असतो. त्यावर टपाल, विमा आणि लागू असल्यास कर. विक्रेत्याकडूनही लिलावगृह कमिशन घेते आणि ते वाटाघाटीचे असते. सामान दिल्यापासून लिलाव होईपर्यंत काही महिने आणि लिलावानंतर विक्रेत्याच्या हाती पैसे यायला महिना-दीड महिना, असा साधारण हिशेब.

लिलावगृह आधी मालाची वर्गवारी करते. ज्याला स्वतंत्र वर्णनाची मेहनत परवडते ते एकेकटे लॉट (एका बोलीला विकली जाणारी वस्तू किंवा गठ्ठा) होते. उरलेले खोक्यांत आणि गठ्ठ्यांत जाते. साधे ३ सेंटांचे, सामान्य गावाचा शिक्का असलेले १८५० किंवा १८६० च्या दशकातले कव्हर काही डॉलरांतच मिळते; ‘दीडशे वर्षे जुने’ एवढ्याने काही होत नाही.

वर्णनाची भाषा ठरलेली असते. तिकीट ‘टाइड’ म्हणजे शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरला आहे. ‘डावीकडे कमी केलेले’ म्हणजे कडा कापली आहे. ‘मागची झडप नाही’, ‘फाइलची घडी तिकिटातून जाते’, ‘किरकोळ सफाई केलेली’ ही वाक्ये चित्रापेक्षा जास्त बोलतात. ‘एक्स-कॅस्परी’सारखी नोंद पूर्वीच्या नामांकित मालकाची, ती किंमत वाढवते आणि जुन्या कॅटलॉगातल्या छायाचित्राशी ताडून पाहण्याची सोयही देते. पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रात नसलेला शिक्का आजच्या चित्रात दिसला, तर प्रश्न मिटला.

बोली ठरावीक पायऱ्यांनी चढते. आधी कळवलेली कमाल बोली लिलावगृह तुमच्या वतीने गरजेपुरती वापरते : तुम्ही २,००० लिहिले आणि दुसरी सर्वोच्च बोली १,१०० असेल, तर लॉट तिच्या एक पायरी वर, म्हणजे बहुधा १,२०० ला मिळतो. शंका असल्यास लिलावापूर्वीच ‘प्रमाणपत्राच्या अटीवर’ (अस्सलपणाचे प्रमाणपत्र मिळाले तरच घेईन अशी) बोली लावण्याची परवानगी मागावी. मग कव्हर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनकडे किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीकडे जाते आणि प्रतिकूल मत आले तर पैसे परत. ही सवलत एकेकट्या लॉटना असते. गठ्ठे ‘जसे आहे तसे’ विकले जातात आणि त्यात सापडलेली खोट खरेदीदाराच्याच माथी बसते. अर्धे कापून वापरलेले १८४७ चे १० सेंटांचे तिकीट (५ सेंटांच्या दरासाठी) प्रमाणपत्राशिवाय घेऊच नये. कापलेल्या कडेवरून शिक्का पाकिटावर उतरलेला नसेल, तर ते अर्धे तिकीट केव्हा कापले हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

गुंतवणूक म्हणून हा बाजार फारसा भरवशाचा नाही. अलेक्झांड्रियाच्या पोस्टमास्तरांचे निळ्या कागदावरचे एकमेव ज्ञात तिकीट, ‘ब्लू बॉय’, १८४७ च्या एका प्रेमपत्रावर आहे. ते १९८१ मध्ये १० लाख डॉलरला गेले. २०१९ मध्ये हार्मर लिलावगृहाने ते प्रीमियमसह ११ लाख ८० हजारांना विकले. अडतीस वर्षांची महागाई धरली तर हा मोठा तोटाच.

हाताळणी आणि जतन

जुन्या घरात पत्रांचा गठ्ठा सापडला तर तिकीट कापू नये, पत्र पाकिटापासून वेगळे करू नये आणि दोरीने बांधलेला क्रम मोडू नये. टपालशिक्क्यांत अनेकदा साल नसते. ते पत्राच्या मजकुरातून किंवा घेणाऱ्याने बाजूला लिहिलेल्या ‘अमुक तारखेला मिळाले’ या नोंदीतून कळते. पत्र हरवले की साल गेले, आणि सालाबरोबर दराचा पुरावाही. बोस्टनच्या मिशन कार्यालयाशी होणारा पत्रव्यवहार, त्यात मुंबई आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचाही, अशाच सलग गठ्ठ्यांत अर्थपूर्ण असतो. व्यापारी मात्र तो एकेक पाकीट करून विकतात, कारण तसे जास्त पैसे येतात. इतिहासाच्या दृष्टीने हे नुकसान आहे, आणि संग्राहकही त्याला हातभार लावतात हे मान्य करायला हवे.

चिकटपट्टी कधीच लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत कागदात शिरून तपकिरी होतो आणि तो डाग पूर्ण निघत नाही. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतून द्रव्य झिरपते, म्हणून पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे वापरावीत. घडीपत्र वारंवार उघडल्याने घडीवर चिरते. एकदा उघडून दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात आणि मूळ घडीत परत ठेवावे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते आणि कागदावर तांबूस ठिपके धरतात. लोखंडी कपाटात ओल शोषणारे सिलिका जेल ठेवून ते जेल दर काही आठवड्यांनी तापवून कोरडे करावे, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये.