पडलेली पापणी आणि न मिटणारा डोळा

सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या आमच्या मावशीचा डावा डोळा दोन वर्षं फडफडत होता. आधी सगळे खूश. बाईचा डावा डोळा लवला की शुभ! पुढे गालही ओढला जायला लागला, झोपेतसुद्धा. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूपाशी चेहऱ्याच्या नसेला रक्तवाहिनी घासतेय, म्हणून अर्धा चेहरा आचके देतो. बोटॉक्सची सुई घ्या, आचके देणारा स्नायू सैल पडेल.

बोटॉक्स म्हणजे सुरकुत्या, हे आपल्या डोक्यात पक्कं. खरं तर अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. सुरकुत्यांची पाळी २००२ मध्ये आली. पण ‘या वयात नटायला गेली’ हे कोण ऐकून घेणार? मावशीनं सुई घेतली, पण घरी कुणाला सांगितलं नाही. आठवड्यानं पापणी उतरली आणि घरात एकच गलका, तोंडावरनं वारं गेलं!

वारं, म्हणजे चेहऱ्याचा लकवा, हे निराळं प्रकरण. चेहऱ्याच्या नसेकडे डोळा मिटायचं काम असतं. पापणी उचलणारा स्नायू दुसऱ्या नसेवर चालतो. म्हणून लकव्यात डोळा उघडाच राहतो, पाणी गळतं, त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. सुईचं औषध मात्र जरा सरकून त्या उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं, की पापणी लोंबते.

घोळ इथंच संपत नाही. सुईनंही कधी डोळा पुरता मिटत नाही, ओठाचा कोपरा उतरतो. मग चेहरा बघून भागत नाही, तारीख विचारावी लागते. लकवा एक-दोन दिवसांत येतो, कधी कानामागे दुखून. सुईचा परिणाम काही दिवसांनी हळूहळू चढतो. पडलेली पापणी बहुधा काही आठवड्यांत उठते, औषधाचा जोर तीन-चार महिन्यांत सरतो.

लकव्यात वाट बघणं महागात पडतं, कारण स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटकाही असू शकतो. तडक दवाखाना गाठायचा. सुईनंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तरीही तसंच.

मावशीची पापणी पाचव्या आठवड्यात उठली. चौथ्या महिन्यात आचके परतले. पुढच्या सुईची तारीख तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, खाली कंसात ‘दात’.