वाफेच्या रेल्वे एंजिनांचे स्वयंसेवी पुनरुज्जीवन

सेवेतून काढलेले वाफेचे एंजिन हौशी कार्यकर्त्यांनी वर्गणी जमवून, फावल्या वेळात दुरुस्त करून पुन्हा रुळांवर चालते करण्याची प्रथा. नुसती रंगरंगोटी करून संग्रहालयात उभे करणे यात मोडत नाही.

उगम ब्रिटनमध्ये झाला, याबद्दल सामान्यतः एकमत आहे. पहिलेपणाच्या मानाबद्दल नाही. वेल्समधील अरुंदमापी (रुळांमधील अंतर कमी असलेली) टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, म्हणून बहुतेक अभ्यासक तेथून आरंभ धरतात. प्रमाणमापी (नेहमीच्या रुंदीच्या) मार्गांत लीड्सची मिडलटन रेल्वे (जून १९६०) ससेक्सच्या ब्लूबेल रेल्वेच्या (ऑगस्ट १९६०) आधीची. मात्र मिडलटनची पहिली प्रवासी गाडी डीझेल एंजिनाने ओढली होती. वाफेपुरते पाहिल्यास ब्लूबेलचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

पुढे एंजिनांचा मोठा पुरवठा दक्षिण वेल्समधील बॅरीच्या वुडम बंधूंच्या भंगारवाड्यातून झाला. तेथे वाघिणी (मालगाडीचे डबे) आधी तोडायला घेतल्या गेल्या आणि एंजिने गंजत का होईना, उभी राहिली. २९७ पैकी २१३ वाचली.

कामाचा गाभा म्हणजे बाष्पित्र (बॉयलर). जुन्या नळ्या काढून आतली खपली खरवडतात आणि पत्र्यांची जाडी मोजतात. अग्निपेटीचे (कोळसा जळतो त्या कप्प्याचे) आतले व बाहेरचे पत्रे शेकडो आडव्या दांड्यांनी (स्टे) जखडलेले असतात. तुटलेला स्टे सहसा बाहेरून दिसत नाही. अग्निपेटीत शिरून एकेकावर हातोडीने हलकेच ठोकायचे : शाबूत स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो; तेथे खडूची खूण करायची. हा कान पुस्तकातून तयार होत नाही, आणि निवृत्त फिटर आपल्याजवळचे हे ज्ञान नवख्यांच्या हाती देतात, यातच या प्रथेचे खरे मोल आहे. नव्या नळ्या बसवल्यावर कार्यदाबाहून अधिक दाबाची जलदाब चाचणी आणि मग वाफेवरील चाचणी होते. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी हे सारे नव्याने करावे लागते.

‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ (१९५४) हे आपल्या वर्गातील एकमेव एंजिन १९६२ मध्ये निवृत्त झाले. प्रदर्शनासाठी सिलिंडर कापून नेलेल्या अवस्थेत ते बॅरीला पडून होते. १९८६ मध्ये ते पुन्हा धावले. पुन्हा जोडणी करताना राखपेटीची हवाद्वारे मूळ बांधणीतच आराखड्यापेक्षा लहान बनवली गेल्याचे आढळले. आगीला हवा अपुरी पडत होती. ती चूक सुधारल्यावर, सेवाकाळात कोळसा खाणारे म्हणून बदनाम झालेले हे एंजिन जोमदार ठरले.