दीड फुटाची जागा : एक्स्टेंडेड कॅब पिकअपची पार्श्वभूमी

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला हौदा आणि पुढे दाटीवाटीने बसलेली माणसं येतात. जास्त माणसं न्यायची तर डबल कॅब, म्हणजे दोन ओळींच्या सीटांची केबिन. या दोन्हींच्या मधली एक्स्टेंडेड कॅब, म्हणजे सीटमागे थोडी वाढवलेली केबिन, आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते. अमेरिकेत आणि थायलंडमध्ये मात्र तिने कित्येक दशकं काढली.

तिची गरज अगदी साधी होती. सुताराची, प्लंबरची हत्यारं उघड्या हौद्यात भिजतात, चोरीला जातात. केबिनमध्ये ठेवावीत तर सीट मागच्या पत्र्याला टेकलेली. दोन ओळींत माणसं बसतील अशी 'ट्रॅव्हलेट' पिकअप इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ मध्येच आणली होती, पण अशा गाड्या प्रामुख्याने कामगारांच्या टोळ्या नेण्यासाठी असत. १९७३ च्या मॉडेलमध्ये डॉजने 'क्लब कॅब' काढून मधला मार्ग शोधला. दारं दोनच, पण सीटमागे सुमारे दीड फूट वाढवलेली केबिन, छोट्या खिडक्या आणि घडीच्या दोन सीटा. त्यांवर आडवं, एकमेकांकडे तोंड करून बसायचं. पोरांना ते चालून जाई. मोठ्या माणसांचे गुडघे मात्र एकमेकांना भिडत. फोर्डची 'सुपरकॅब' १९७४ मध्ये आली. छोट्या पिकअपमध्ये ही सोय आणली ती डॅटसनच्या 'किंग कॅब'ने, १९७७ मध्ये.

खरी अडचण दाराची होती. मागे जायचं तर पुढच्या सीटची पाठ वाकवा, पट्टा बाजूला सारा आणि अंग चोरून आत शिरा. कडेवर लेकरू असेल तर विचारायलाच नको. दीड फूट जागा मिळूनही तिथे नीट पोचता येत नव्हतं आणि हे सुटायला वीसेक वर्षं जावी लागली, याचं मला फार नवल वाटतं. १९९६ च्या मॉडेलमध्ये जनरल मोटर्सने चालकाच्या दुसऱ्या बाजूला तिसरं दार दिलं. फोर्डनेही १९९७ च्या एफ-१५० सुपरकॅबला ते दिलं. १९९८ च्या डॉज राम 'क्वाड कॅब'ला दोन्ही बाजूंना अशी दारं मिळाली.

हे मागचं दार बघण्यासारखं असतं. बिजागऱ्या मागच्या कडेला, त्यामुळे दोन्ही दारं कपाटासारखी उघडतात. मध्ये खांब नसतो. मागच्या दाराच्या कड्या वर छताच्या चौकटीत आणि खाली तळाशी अडकतात आणि खांबाचं काम ते दारच करतं. म्हणून पुढचं दार उघडल्याशिवाय मागचं उघडत नाही. सगळं उघडलं की अवजड पेटीही सरळ आत जाते. पण दोन गाड्यांच्या मध्ये गाडी उभी असेल, तर उतरणारा माणूस दोन दारांच्या बेचक्यात अडकतो.

थायलंडमध्ये पिकअपवरचा कर मोटारींपेक्षा बराच कमी. त्यामुळे शेतमाल आणि घरची माणसं एकाच गाडीने नेणाऱ्यांना ही केबिन सोयीची पडली. इसुझूने डी-मॅक्सची 'स्पेस कॅब' आपल्याकडेही विकायला आणली होती.

अमेरिकेत मात्र फोर्डने २००१ च्या एफ-१५० 'सुपरक्रू'ला चार पूर्ण दारं दिली आणि कुटुंबवाले हळूहळू तिकडे वळले. २०२३ च्या नव्या शेव्हरोले कोलोराडोमध्ये एक्स्टेंडेड कॅब उरलीच नाही. टोयोटाने २०२४ च्या टॅकोमात 'एक्स्ट्राकॅब' ठेवली, पण दारं पुन्हा दोन, मागे सीट नाही. फक्त हत्यारं कुलपात ठेवायची जागा.