बाळंतिणीचा आहार

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईचे रोजचे खाणेपिणे. महाराष्ट्रातल्या घरांत याचा विचार बहुधा सव्वा महिन्यापुरता होतो. शरीराची गरज मात्र बाळ दूध पिते तोवर राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने नेहमीपेक्षा रोज ६०० किलोकॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. पुढचे सहा महिने ५२० किलोकॅलरी. एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे गुळासोबत आणि पेलाभर दूध एवढ्यात ही भर पडते. पण सव्वा महिना सरला की बाई कामाला लागते आणि ताट पूर्वीइतकेच होते, ही या रीतीतली सर्वांत मोठी उणीव.

परंपरेतले पदार्थ चांगलेच आहेत. बाजरीची भाकरी-तूप, शेपूची भाजी, मेतकूट-भात, जेवणानंतर बाळंतशोपा, शिवाय डिंकाचे, मेथीचे आणि अहाळिवाचे लाडू. अहाळिवाच्या लाडवांसाठी पाव वाटी अहाळीव वाटीभर नारळपाण्यात दोन-तीन तास भिजवतात. दाणे फुगून बुळबुळीत झाले की एका नारळाचा चव आणि वाटीभर गूळ मिसळून मंद आचेवर, मिश्रण कडेने सुटेपर्यंत परततात. पाणी कमी पडले तर दाणे कोरडे राहतात, जास्त परतले तर गूळ कडक होतो. ओल्या खोबऱ्यामुळे हे लाडू बाहेर लवकर आंबतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावेत. दिवसाला एक पुरे. मोठे दोन डिंकाचे लाडू खाल्ले तरी वाढीव उष्मांकाचा बराचसा वाटा तिथेच संपतो, भूक मरते आणि डाळ-भाजी मागे पडते. मेथीने रक्तातली साखर उतरू शकते, त्यामुळे मधुमेहाची औषधे घेणाऱ्या आईने मेथीचे लाडू डॉक्टरांना विचारूनच खावेत. दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार आणि नीट ओढल्याने. लाडू आईची ताकद भरून काढतात.

नुकसान होते ते पथ्यांनी. पाणी कमी द्यायचे, डाळी ‘वातूळ’ म्हणून बंद, फळे ‘थंड’ म्हणून बंद, आणि महिनाभर नुसता मऊ भात. यातून बद्धकोष्ठ होते, टाक्यांवर ताण येतो आणि मुळातच कमी असलेले रक्त भरून येत नाही. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा खूप शेंब दिसली, तरच गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे का हे डॉक्टरांकडून पाहावे. आपल्या मनाने पदार्थ तोडू नयेत. पाजायला बसताना तांब्याभर पाणी हाताशी ठेवावे, तहान तेव्हाच लागते.

आई अर्धपोटी असली तरी दुधातली साखर आणि प्रथिने फारशी घटत नाहीत, झीज तिच्या अंगाची होते. पण बी-१, बी-१२, अ जीवनसत्त्व आणि आयोडीन आईच्या पोटात गेले तरच दुधात पुरेसे येतात. पॉलिश तांदळाच्या भातावरच राहणाऱ्या आईच्या बाळाला बी-१ अभावी बेरीबेरी हा हृदयाचा आणि नसांचा आजार होऊ शकतो. अंडी-मासे न खाणाऱ्या आईने दूध-दही घ्यावेच आणि बी-१२ तपासून घ्यावे.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक, आणि कॅल्शियमच्या सहा महिने रोज दोन घ्यायच्या असतात. दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषले जात नाही. मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. लोहाची गोळी चहा किंवा दुधासोबत न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.